आठ कौलं आणि मुंग्यांचा कुंचा

माझी धाकटी नात आठवड्यातून तीन दिवस कराटेला जाते. तिच्या वर्गात खाली निळ्या गाद्या असतात, भिंतींना आरसे असतात आणि पोशाख कडक घडीचा, पिशवीतून थेट अंगावर चढतो. सुट्टीत आली तेव्हा चकलीचा तुकडा मोडत तिनं विचारलं, "आजी, तू तुझ्या काळात किती कौलं फोडलीस गं?"

"एक."

"एकच? एवढी वर्षं शिकवून?"

"एकच. आणि तेसुद्धा फोडायचं नव्हतं तेव्हा फुटलं."

ती हसली. आजी थापा मारते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. पण हे खरं आहे. त्या एका कौलाच्या आसपास माझी सगळी नोकरी उभी आहे, म्हणून लिहायला बसले.

मी तीसेक वर्षं खेळाच्या बाई होते. ज्यांच्या शाळेत अशा बाई नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. गळ्यात शिट्टी, हातात मैदान आखायच्या फक्कीचा डबा, आणि कुठलेही गुरुजी रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर पाठवायला कायम मोकळी समजली जाणारी बाई. लंगडी, खो-खो, झेंडावंदनाची कवायत, लेझीम आणि फुटलेल्या गुडघ्यांना हळद लावणं, हे माझं नेमून दिलेलं काम. त्यात मी पदरचं एक घातलं. शाळा सुटल्यावर मुलींना कराटे शिकवलं.

त्यातून काय काय निघालं! एकदा एक बाप तावातावानं शाळेत आला. "बाई, आमच्या पोरीला तुमी काय शिकिवलंय? थोरला भाऊ हात धराय गेला, तर ही निसटतीया आन हसतीया!"

मी घाबरून विचारलं, "मारलं का तिनं त्याला?"

"न्हाई वो. मारलं असतं तर समजलं असतं. हसतीया!"

दुसरी एक मुलगी, तिचा आवाजच निघेना. कराटेत हात बाहेर जाताना पोटातून एक आरोळी द्यायची असते. ही वर्षभर फक्त तोंड उघडायची. एके दिवशी मैदानापलीकडच्या उसात रानडुकरं शिरली, आणि त्यांना हाकलणारी हिची आरोळी आम्ही साऱ्यांनी मैदानावर उभं राहून ऐकली. दुसऱ्या दिवशी तिला पळवाटच उरली नाही.

या मुली कुठं कुठं पांगल्या. भेटल्या की म्हणतात, बाई, तुम्ही आम्हाला घडवलंत. मी मान डोलावते, कारण कौतुक परत करायची मला सवय नाही. पण मला घडवणारे दोघंजण होते, आणि त्यांना माझ्यासारखं आडमुठं लाकूड मिळालं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात शिकत होते. वय एकोणीस, दोन वेण्या, आणि मधल्या जागेत नुसती हवा. गावात एका थिएटरबाहेर पोस्टर लागलं होतं. त्यात एक माणूस जमिनीपासून पुरुषभर उंच उडून दोघांना एकदम लाथा घालत होता. मला वाटलं, हे आपल्याला जमायला हवं. आठवड्याभरात.

एका शाळेच्या मागच्या अंगणात लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार कराटे शिकवतात असं कळलं. ते औंधकडचे. पूर्वेच्या सरहद्दीवर असताना तिथल्या एका उस्तादाकडून शिकून आलेले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मिशा जाड, हुकूम हिंदीत, शिव्या मराठीत. त्यांच्याबरोबर शिकवायला अण्णा. अण्णा सांगलीकडचे जैन, साताऱ्यात त्यांचं हळदीचं दुकान. पंचेचाळिशीत पाठ धरली म्हणून वैद्यानं व्यायाम सांगितला, ते मामांचे पहिले शिष्य झाले आणि चार-पाच वर्षांत जोडीला उभे राहून शिकवायला लागले. अण्णांचं जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणून वर्ग पाचला सुरू व्हायचा आणि दिवस मावळायला अवकाश असतानाच संपायचा. मामा लष्करातले असून वेळ पाळायचे ती अण्णांच्या जेवणाची.

पहिल्या दिवशी मी पदर खोचून उभी राहिले. अण्णांनी माझ्या हातात मऊ गवताचा एक कुंचा दिला.

"हे काय?"

"मुंग्या झाड."

"मी कराटे शिकायला आलेय."

"मग? अंगणात आपण नाचणार, त्या मरणार. आधी त्यांना वाट करून द्यायची. हळू झाड, पाय मोडतात त्यांचे."

मी मामांकडे बघितलं. मामा आभाळाकडे बघत होते. नंतर कळलं, त्यांनीही पहिल्या वर्षी या कुंच्यावरून अण्णांशी भांडण केलं होतं आणि हरले होते.

सहा महिने मी मुंग्या झाडल्या आणि उभं राहायला शिकले. हसू नका. बहुतेक सगळं कराटे म्हणजे उभं राहणं आणि बाजूला होणं. कुणी अंगावर आलं की त्याच्या वाटेतून आपण अर्धं पाऊल सरकायचं. कुणी मनगट धरलं की हात ओढायचा नाही. आधी पाय हलवायचा, मग धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं मनगट वळवायचं, कारण मूठ कितीही घट्ट असली तरी दार तिथंच असतं. अण्णा मागून फिरत आणि दोनच शब्द बोलत. "पाय आधी." मी हातानं हिसके द्यायची. "पाय आधी." मी चिडून आणखी जोरात हिसडायची. "मनगट तुझंच आहे, मोडून घरी नेऊ नकोस. पाय आधी."

ठोसे मारायला मामांनी शिकवलं. ते मला एका आठवड्यात आले, यात काही नवल नाही. मारायची हौस मला जन्मजात होती.

आमचे पोशाख मांजरपाटाचे, घरी शिवलेले. पुढच्या पायरीचा पिवळा पट्टा मिळायची वेळ आली तेव्हा साताऱ्यात पिवळा पट्टा मिळेना. अण्णांनी आपल्या दुकानातल्या हळदीत पांढरा पट्टा रंगवून दिला. त्या पट्ट्यावर माझा इतका जीव, की तो बांधून मी आरशासमोर तास तास उभी राही. घाम आला की रंग सुटायचा. माझ्या कमरेभोवती पिवळं कडं उमटायचं आणि आई म्हणायची, "लग्नाआधीच हळद लागली बाई हिला."

पुढं मला शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात नोकरी लागली. हंगामी. मी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात मुलींचा कराटेचा वर्ग काढला. चार मुली आल्या, त्याही घरी न सांगता. मग गावात बोलणं सुरू झालं. पोरी पुरुषी होतील, हाडं मोडून घेतील, यांना करणार कोण? चारातल्या दोन गळाल्या.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. बाई कडक होत्या पण तिरक्या नव्हत्या. म्हणाल्या, "एकदा गावाला दाखव तू काय शिकवतेस ते. आयांनी आपण होऊन दहा मुली पाठवल्या तर वर्ग चालू ठेव. नाहीतर तू लेझीम शिकव आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"दिवस मी ठरवू?"

"ठरव."

मी नागपंचमीचा दिवस ठरवला. त्या दिवशी पुरुष सगळे शिराळ्याला नागांची मिरवणूक बघायला जातात. गावात बायका. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या, वारुळाची पूजा झाली की दुपारभर फेर, फुगड्या, झोके. म्हणजे ज्यांचा होकार पाहिजे त्या सगळ्या एका जागी आणि खुशीत. माझ्या अकलेवर मी फार खूश होते. आणि दाखवायचं काय? कौलं फोडायची. एकावर एक आठ मंगलोरी कौलं, एका फटक्यात. शाळेच्या छपराची डागडुजी राहिली होती, तिच्यासाठी आणलेली कौलं शिपायाला लाडीगोडी लावून मिळवली. मामांना आणि अण्णांना पत्र टाकलं, की या आणि तुमच्या शिष्येचा पराक्रम बघा. एकावेळी आठ कौलं मी तोवर कधी फोडली नव्हती. खरं म्हणजे एकही फोडलं नव्हतं. अण्णांच्या वर्गात फोडाफोडी नव्हतीच. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "कौलानं तुझं काय वाकडं केलंय?"

पंचमीला सकाळीच दोघं एसटीनं आले. मामा कडक इस्त्रीत. अण्णांच्या एका हातात डबा आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुंचा. अण्णांनी मैदानाच्या मधोमध दोन विटांवर रचलेली कौलं बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"आज पंचमी ना?"

"हो ना अण्णा, म्हणून तर गर्दी होणार!"

"बरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कुंचा उघडला.

वाचणाऱ्या बायकांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी सकाळी खोलीवर मी स्वतः विळीला हात लावला नव्हता. उकडलेली पुरणाची दिंडं खाल्ली, हात धुतले आणि आठ कौलं फोडायला निघाले. विळी वेगळी आणि कौल वेगळं, असं माझं शास्त्र.

अण्णा आणि मी मैदान झाडायला लागलो. मला घाई झाली होती, पण अण्णांपुढं कुंचा टाकायची हिंमत नव्हती. मैदानाच्या कडेला चिंचेखाली एक म्हातारी केव्हाची येऊन बसली होती. सगुणाआजी. सरपंचांची आई. तिच्या शब्दाबाहेर गावातली एकही बाई नव्हती, म्हणजे दहा मुलींचा निकाल लागणार होता तो या एका म्हातारीच्या मान हलवण्यावर.

"काय झाडताय वो?" तिनं अण्णांना विचारलं.

"मुंग्या आहेत आजी. पायाखाली येतील."

"आन मग?"

"मग पोरी खेळतील."

म्हातारी कुंच्याकडे बघत राहिली.

दुपारी मैदान भरलं. नवी लुगडी, हिरव्या बांगड्या, मेंदीचे हात, कडेवर पोरं. मी मधोमध, मांजरपाटाच्या पोशाखात, हळदीचा पट्टा बांधून. मोठ्या बाईंनी चार शब्द सांगितले. मी कौलांपुढं उभी राहिले, एक पाय मागं घेतला, श्वास भरला, आरोळी दिली आणि हात उचलला.

तो हात वरच राहिला. सगुणाआजी चिंचेखालून उठून कधी आली कळलं नाही. तिनं माझं मनगट पकडलं होतं.

"हात आवर," ती म्हणाली. "आज काय बी फोडायचं न्हाई. कौलाच्या ढिगात नागोबा राहत्यात. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "साताऱ्याची हाय ती. तिला काय कळतंय!" आणि हशा पिकला.

मी गोरीमोरी झाले. कौलांशिवाय माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. दहा मुली गेल्या, वर्ग गेला, आता जन्मभर लेझीम. आणि हात सुटेना! साठ वर्षं खुरप्यानं भांगलण केलेली मूठ होती ती. आता जे सांगते ते माझ्या मुलांनाही सांगितलेलं नाही. क्षणभर माझ्या मनात आलं, हिसडा द्यावा. मामांनी शिकवलेला एक डाव होता, म्हातारी सरळ धुळीत गेली असती. माझ्या खांद्यात तो डाव भरलासुद्धा. वय बावीस, अपमान ताजा आणि अक्कल खोलीवर विळीशेजारी ठेवलेली.

तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नाही. साताऱ्याच्या अंगणात यायचा तसाच.

"पाय आधी."

माझा पाय माझ्या आधी हलला. अर्धं पाऊल आजीच्या बाजूला. मनगट अंगठ्याकडे वळलं आणि हात बाहेर आला. आजीला काही लागलं नाही, बांगडीसुद्धा वाजली नाही. ती आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली.

"आगं, सुटलं कसं?"

"दाखवू?"

"थांब. पुन्यांदा धरती." या वेळी तिनं दोन्ही हातांनी धरलं. "आता सोडीव बघू."

मी दुसऱ्या हातानं माझीच मूठ पकडली, पाऊल आत टाकलं, कोपर वर घेतलं. सुटलं. बायका टाळ्या पिटायला लागल्या. सगुणाआजीनं आपलं मनगट पुढं केलं. "आता तू धर. मी सोडवती."

दोनदा चुकली. मी म्हणाले, "आजी, हात ओढू नका. पाय आधी." तिसऱ्यांदा म्हातारी अशी सटकली की मीच पुढं झुकले. "आग्गं बया!" ती ओरडली. "माझ्या सासूच्या वक्ताला कुटं हुतीस गं तू?"

मग फेर, फुगड्या राहिल्या बाजूला. बायका जोड्या करून एकमेकींची मनगटं धरायला लागल्या. मामा आपणहून रांगा लावायला लागले. "एक हात का फासला! ए मावशी, बोलू नका, पाय हलवा!" आणि मावश्या त्यांनाच सांगायच्या, "आवं हवालदार, तुमी गप ऱ्हावा, आमाला जमतंय."

त्या गर्दीत एक लेक होती. पंचमीला माहेरी आलेली, नव्या चुड्याची. ती हसत नव्हती. जोडीला जी असेल तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेत होती. शेवटी माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मनगट न्हाई धरलं, दंड धरला तर?"

आजूबाजूच्या चार-पाच जणींनी एकमेकींची मनगटं सोडली. सगुणाआजीनं तिच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. मी दाखवलं. बाजूला पाऊल, हात मागून वर, गोल फिरवून खाली. तिनं सहा वेळा केलं. सातव्यांदा मी दंड खरोखर घट्ट धरला, तरी ती सुटली. मान हलवून गर्दीत गेली.

मी तिचं नाव विचारलं नाही. मला त्या दिवशी माझ्या दहा मुलींचीच पडली होती. पुढच्या पंचमीला गर्दीत तिला शोधलं, दिसली नाही. त्याच्या पुढच्याही. विचारायचं तरी कुणाला आणि काय म्हणून? तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून चुका पुष्कळ झाल्या, त्यांतल्या बऱ्याच मी गमतीनं सांगते. ही सांगत नाही.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला सकाळीच कळलं होतं. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी वाद घातला असतास," अण्णा म्हणाले. "आजीशी घालता आला नाही."

मामा मात्र एसटी येईपर्यंत हळहळत होते. "आठ कौलं होती यार. निदान दोन तरी!"

पुढं मामा आधी गेले. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. शेवटचं भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसून होते, हातांना कंप. मला बघितल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. चिमणीनं धरावं तसं. मी तशीच बसून राहिले.

"विसरलीस," अण्णा म्हणाले. "पाय आधी."

मी पाय हलवला. हात तसाच ठेवला.

त्यांचा तो कुंचा माझ्या शाळेतच राहिला होता. झिजला तसा दुसरा आणला, मग तिसरा. माझ्या मुलींना वाटायचं, मुंग्या झाडणं हा कराटेचाच पहिला धडा आहे, जपानमध्येसुद्धा असंच करतात. मी कधी खुलासा केला नाही.

आता त्या कौलाचं. पंचमीच्या त्या दुपारी बायका घरोघर पांगल्या, मोठ्या बाई मान डोलावून गेल्या, मामा-अण्णा हातपाय धुवायला आडावर गेले. मैदानात मी एकटी. सकाळपासूनची ताठलेली पाठ एकदम सैल पडली, आणि समोर जे दिसलं त्यावर मी मटकन बसले. खालून आवाज आला. कट्ट.

मी उडी मारून उठले. आठ कौलांतलं सगळ्यात वरचं मधोमध दुभंगलं होतं. ज्याच्यावर हात उगारायची बंदी झाली, ते मी बसून फोडलं होतं. तेही पंचमीलाच.

मागं वळून बघते तो सगुणाआजी. आडाकडून परत येत होती. तिनं कौल बघितलं. मग मला आपादमस्तक बघितलं.

"सकाळधरनं मुंगीला जपलीस," ती म्हणाली, "आन कौलावर बसलीस व्हय गं?"

म्हातारीनं इकडं तिकडं बघितलं. खाली वाकून दोन्ही तुकडे उचलले, पदराखाली घेतले आणि निघाली. चिंचेपाशी गेल्यावर थांबली.

"नातीला किती वाजता धाडू उद्या?"

"पाचला," मी कशीबशी म्हणाले.

"धाडती. संगट आळीतल्या धा-बारा असतील," म्हातारी म्हणाली. "त्यास्नी आदी झाडाय लाव. आन तुला बसाय एक पाट घिऊन ये शाळंत."